'द फाउंटन': थोर पिक्चर की नुसता देखणा गोंधळ?

निशाचर
दिग्दर्शक डॅरेन अरोनोफस्कीच्या 'द फाउंटन' या पिक्चरवर लोक एकतर जीव टाकतात नाहीतर शिव्या घालतात. २००६ ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला तेव्हाही पत्रकारांच्या शोला हुर्यो उडाली आणि नंतरच्या शोला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी टाळ्यावाल्यांच्यात. का ते लिहितो, स्पॉयलर आहेत.

टॉमी मेंदूतल्या गाठींवर संशोधन करतो आणि त्याच्या बायकोला, इझीला, तशीच गाठ झालीय. तो लॅबमध्ये माकडांवर प्रयोग करतोय, ती कादंबरी लिहितेय, सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश सरदाराची, जो राणीसाठी माया लोकांच्या जंगलात जीवनवृक्ष शोधायला निघतो. आणि तिसरीकडे डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला एक माणूस मरायला टेकलेलं झाड घेऊन एका पारदर्शक गोळ्यातून मरणाऱ्या ताऱ्याकडे चाललाय. तिन्हीकडे ह्यू जॅकमन आणि रेचल वाइझच.

सगळे विचारतात यातलं खरं काय आणि पुस्तकातलं काय. मला वाटतं त्या कोड्यात शिरलं की पिक्चर हातातून जातो. खरी गोष्ट पहिल्या बर्फाच्या सीनमध्ये आहे. इझी लॅबमध्ये येते, म्हणते चल, सीझनचा पहिला बर्फ पडलाय, फिरून येऊ, आणि तो म्हणतो काम आहे. हा सीन पुन्हा पुन्हा येतो. तो कारण खोटं देत नाही, काम तिच्यासाठीच चाललंय, पण तिच्याबरोबर जो वेळ उरला होता तो तिला वाचवायच्या धडपडीतच संपला. प्रेमातली ही चूक इतक्या सरळ दाखवणारा दुसरा सायफाय मी पाहिलेला नाही.

तिसरी_घंटा
बर्फाचा सीन चांगला आहे, मान्य. पण इझी कोण आहे हे मला कोणी सांगेल का? ती हसते, तारे दाखवते, मरणाबद्दल शहाण्यासारखं बोलते आणि जाते. तिला राग येत नाही, ती कुणावर चिडत नाही, तिची भीतीसुद्धा संपलेली आहे. सगळा प्रवास नवऱ्याचा आणि मरण मात्र बायकोचं. आपल्या सावित्रीकडे बघा, नवरा गेल्यावर ती यमाच्या मागे चालत जाते, त्याच्याशी बोलून बोलून त्याला पेचात पकडते, गोष्ट पुढे नेणारी तीच. इथे अख्ख्या पिक्चरमध्ये इझीने नवऱ्याशी एकदा कडकडून भांडायला नको होतं का?

निशाचर
पण सगळा पिक्चर तिच्याच पुस्तकावर उभा आहे ना! ती बारावं प्रकरण रिकामं ठेवते आणि त्याला म्हणते तू पूर्ण कर. तो मरणाबद्दल एक शब्द ऐकून घ्यायला तयार नसतो आणि ती त्याला ते लिहायला लावते, म्हणजे जिथून तो पळतोय तिथेच त्याला नेऊन बसवते. माझ्या लेखी हे भांडणच आहे, फक्त आवाज न चढवता केलेलं.

ओपीडी_नं_९
मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे माझा आक्षेप वेगळा. हा पिक्चर मरण स्वीकारणाऱ्याला वरच्या पाटावर बसवतो आणि झगडणाऱ्याला खालच्या. वॉर्डात असं नसतं हो. जे नातेवाईक शेवटपर्यंत अजून एक औषध, केमोची अजून एक सायकल म्हणत राहतात ते काही आंधळे नसतात, बऱ्याचदा पेशंटलाच झगडायचं असतं. आणि पिक्चरमध्येच बघा, ग्वाटेमालातल्या झाडापासून काढलेल्या द्रव्याने माकडाची गाठ कमी व्हायला लागतेच ना? म्हणजे टॉमीची धडपड फुकट गेली नाही, इझीपुरता उशीर झाला एवढंच. तो त्या दिवशी फिरायला गेला असता तर पुढच्या पेशंटचं काय, हा प्रश्न पिक्चर विचारतच नाही.

निशाचर
हा मुद्दा जड आहे. पण संशोधन करू नको असं पिक्चर म्हणत नाही. त्याची बॉस डॉ. गुझेटीसुद्धा संशोधकच आहे आणि तीच त्याला बायकोजवळ जा म्हणून सांगते. आणि इझीला झगडायचं होतं असं कुठेही दिसत नाही, ती शांत झालीय आणि ते त्यालाच सहन होत नाहीये. तुम्ही म्हणता ते पेशंट खरेच आहेत, पण ही गोष्ट त्यांची नाही.

भिंगवाला
जरा कॅमेऱ्याबद्दलही बोला की. आधी हा ब्रॅड पिट आणि केट ब्लँचेटला घेऊन सुमारे ७ कोटी डॉलरचा पिक्चर होणार होता, पिट बाहेर पडला, ऑस्ट्रेलियात उभारलेले सेट लिलावात गेले, मग अर्ध्या पैशात नव्याने केला. अवकाशातले ढग कॉम्प्युटरवर बनवण्याऐवजी पीटर पार्क्सने छोट्या बशीत रसायनं मिसळून भिंगातून शूट केले. म्हणून ते आजही जुने दिसत नाहीत. वर क्लिंट मॅन्सेलचं संगीत, क्रोनोस क्वार्टेट ही तंतुवाद्यांची चौकडी आणि मोगवाई हा रॉक बँड यांनी वाजवलेलं, शेवटची दहा मिनिटं हेडफोन लावून बघा.

तिसरी_घंटा
संगीत आवडतं मलाही, नेहमी ऐकते. पण सुंदर दिसणं वेगळं आणि माणसं उभी राहणं वेगळं. ९६ मिनिटांत तीन काळ कोंबलेत, मग टॉमी-इझीचं लग्न दिसणार कधी? ती दोघं एरवी काय बोलायची, कशावरून हसायची, यातलं जवळजवळ काहीच नाही, आणि मग तुम्ही मला सांगणार की आता रडा.

आणि माया लोकांचं काय? त्यांची सृष्टीची कथा घेतली, त्यांचा शिबाल्बा, म्हणजे मेलेल्यांचा पाताळलोक, उचलून आकाशात तारा म्हणून टांगला, पण पडद्यावर ती माणसं म्हणजे भाले घेऊन धावून येणारा जमाव आणि जळती तलवार घेतलेला पुजारी. तलवार घेऊन त्यांच्या देवळात घुसलेल्या स्पॅनिश सरदारासाठी मी हळहळायचं! हे इझीचं पुस्तक आहे असं उत्तर येणार मला माहितीय, पण इझीने असं लिहिलं असं कुणीतरी ठरवलंच ना.

निशाचर
जमावाबद्दल तुझ्याशी वाद नाही, तिथे पिक्चर कमी पडतो. लग्नाबद्दल मात्र आहे. टबमधला सीन परत बघ. तिला गरम-थंड कळेनासं झालंय हे ती सांगते तेव्हा जॅकमनचा चेहरा बघ, दोन सेकंदांत तो नवऱ्याचा डॉक्टर होतो. यांचं लग्न कसं होतं आणि आता काय झालंय ते तिथे दिसतं मला, त्यासाठी आणखी अर्धा तास नको.

तिसरी_घंटा
मला हवा होता तो अर्धा तास. नवरा डॉक्टर झाला ते दिसलं, पण त्याआधीचा नवरा मी पाहिलेलाच नाही.