कुत्र्याच्या डोळ्याखाली तिसऱ्यांदा सूज, दाढेचं दुखणं असेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही देवगडकडचे. घरी काळू नावाचा गावठी कुत्रा आहे, वय ९, वजन १९ किलो.

शिमग्याच्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. आई म्हणाली, "करवंदीचो काटो लागलो आसतलो." मलाही पटलं, कारण हा सशामागे कुठल्याही जाळीत घुसतो. चार दिवसांनी सूज फुटली, पू आला. दवाखान्यात जखम धुऊन इंजेक्शनं दिली, आठवड्यात जागा कोरडी. आंब्याच्या गडबडीत मीही विसरलो. मे अखेरीस पुन्हा तिथेच सूज, पुन्हा इंजेक्शनं. आता गणपतीच्या तोंडावर तिसरी खेप. इतक्या दिवसांत त्याचं तोंड कुणीच उघडून बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. खातोय ना नीट, मग दात कशाला दुखेल, असा माझा हिशेब.

परवा ओटीवर आडवा पाडून ओठ वर केला. उजवीकडची वरची सगळ्यात मोठी दाढ बाहेरच्या अंगाने उभी टवका उडाल्यासारखी तुटलीय, मधोमध काळा ठिपका. त्या बाजूला कीटण इतकं की हिरडी कुठे सुरू होते कळत नाही. डावीकडचे दात मात्र बऱ्यापैकी पांढरे! म्हणजे हा कित्येक महिने एकाच बाजूने चावतोय. भाकरीचा तुकडा टाकला की मान डावीकडे कलते, ते आम्हाला लाडिकपणा वाटायचं.

तुटली कशाने, तर रविवारची मटणाची नळी नाहीतर करवंटी. पडलेला नारळ तो स्वतः सोलतो आणि करवंटीही फोडतो. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो आम्ही.

दाढ काढावीच लागेल का? या वयात भूल झेपेल? आणि तोवर दुखू नये म्हणून घरातली गोळी दिली तर चालेल का?

प्रतिसाद १
मी पशुवैद्य आहे. फोटो नाही, पण वर्णनावरून दाढच वाटते. वरच्या त्या दाढेला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं डोळ्याच्या जरा खाली येतात. म्हणून पू तोंडात न येता गालावर फुटतो आणि सगळे डोळ्याकडे बघत बसतात. इंजेक्शनाने पू आटतो, आतली मेलेली नस तशीच राहते.

एक्स-रे काढून घ्या, शक्यतो तोंडात छोटी प्लेट ठेवून दाताचा काढतात तो. रूट कॅनालही होतं, पण त्याची सोय फार कमी ठिकाणी. बहुतेक वेळा दाढ काढतात, तीही तिचे तीन भाग करून एकेक मूळ वेगळं. पकडीने ओढली आणि मूळ आत तुटून राहिलं, तर चौथी खेप ठरलेली. मुंबईला जाणं होत असेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा.

९ वर्षं हा काही आजार नाही. आधी रक्त तपासून किडनी-लिव्हर बघतात, हृदय तपासतात, मग भूल. त्याच भुलेत बाकीचं कीटणही काढून घ्या. भूल न देता खरवडलेले दात दिसायला पांढरे होतात, हिरडीखालची घाण तिथेच.

आणि माणसांची गोळी अजिबात नको. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉल तिच्या आसपाससुद्धा नको, एका गोळीत जीव जातो.

प्रतिसाद २
आमच्या बोक्याचं वेगळं होतं. बांगडा पुढे ठेवला की धावत यायचा, एक घास घ्यायचा आणि गुरगुरत पळायचा. आम्ही म्हणायचो माजलाय. हिरड्या लालभडक सुजलेल्या निघाल्या. मागचे सगळे दात काढले. आता बांगडा काटे काढून दिला की ताटली चाटून मोकळा. तुमचा काळू तर एकाच दाढेवर सुटतोय.

धागाकर्ता
डॉक्टर, मनापासून आभार. गोळी दिली नाही, हातात घेतली होती. सोमवारी रक्त द्यायला नेतोय. करवंट्या सगळ्या पडवीच्या माळ्यावर टाकल्या, तर हा खाली बसून वर बघतोय. भुलेआधी किती तास उपाशी ठेवायचं, आणि पाणी चालतं का?