टेक इन्व्हेस्टर सांगतात ती पुस्तकं आपल्या काय कामाची?

पेटीवाला, रत्नागिरी:
आंब्याचा सीझन आटपला, पाऊस धो धो, लाईट दिवसातनं चारदा जाते, म्हणून यंदा टेक्नॉलॉजीत पैसा लावणारे लोक जी पुस्तकं वाचा वाचा म्हणून सांगत असतात त्यातली तीन मागवली. ख्रिस्टेन्सनचं द इनोव्हेटर्स डायलेमा (1997), पीटर थीलचं झिरो टू वन (2014, हा तर स्वतःच इन्व्हेस्टर, 2004 ला फेसबुकात 5 लाख डॉलर लावून बसलेला) आणि मार्क लेव्हिन्सनचं द बॉक्स (2006). पहिली दोन ठीक. तिसऱ्याने झोप उडवली. कंटेनरचा इतिहास आहे हो, दुसरं काही नाही. एप्रिल 1956 मध्ये मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने तेलाच्या जुन्या जहाजावर 58 पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या, आणि सुटा माल चढवायला टनाला 5.83 डॉलर लागायचे ते 16 सेंटच्या आत आलं. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत होते, गोणी ओढायचा त्यांचा आकडा अजून माळ्यावर आहे, लाकडी मूठ घामाने काळी कुळकुळीत. ती गोदीतली कामं कुठे गेली ते मला ह्या पुस्तकाने सांगितलं. माझं मत, आपल्या पोरांना ह्या याद्या वाचायला लावा.

रापणकरीण, मालवण:
दादा, आकड्याचं वाचून बरं वाटलं, पण याद्यांचं काय पटत नाही. झिरो टू वन मी पण वाचलंय, भाच्याने पुण्याहून आणलेलं. त्यात काय सांगतो, स्पर्धेत पडू नका, मक्तेदारी करा. आमच्या दर्यावर पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या बोटीतनं माशांना गोल वेढणारं जाळं टाकणाऱ्यांनी, दुसरं काय केलं? अख्खा थवा एका जाळ्यात. आमची रापण म्हणजे होडीतनं जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरनं सगळ्या वाड्याने ओढायचं, मग वाटे पडतात, म्हाताऱ्यालाही वाटा. 2016 ला सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर चारच महिने दिले तरी रात्रीचे दिवे आम्हाला दिसतातच. इन्व्हेस्टरची पुस्तकं जाळं कोणाचं ते बघून वाचायची.

पेटीवाला, रत्नागिरी:
ताई, राग कळतो, पण थीलवर तो लावू नका. तो म्हणतो कोणी केलं नाही ते करा. पर्ससीनवाले तोच बांगडा तुमच्या आधी उचलतात, त्यात नवीन काय?

रापणकरीण, मालवण:
मासे संपले की आम्हाला नवीनच काहीतरी करावं लागणार आहे, तेव्हा त्याला विचारते.

दापोलीकर:
मी कृषी विद्यापीठात शिकलोय म्हणून आंब्यावर बोलतो. रत्ना ही जात 1981 मध्ये आली, नीलम आणि हापूसचा संकर, साका पडत नाही, म्हणजे गर आतून स्पंजासारखा खराब होत नाही. हापूस कापला आणि आत पांढरा साका निघाला की गिऱ्हाईकाचं तोंड कसं होतं ते पेटीवाल्यांना सांगायला नको. तरी मागतात काय? हापूस! चांगला माल आणला की बाजार आपला, हे सगळं पुस्तकी आहे.

पेटीवाला, रत्नागिरी:
मग ख्रिस्टेन्सन नीट वाचा ना राव, तो हे म्हणतच नाही. तो म्हणतो हलका, स्वस्त माल खालून येतो, मोठे लोक त्याला हसतात आणि तो चढत वर येतो. अमेरिकेतल्या छोट्या पोलाद कारखान्यांनी आधी फक्त बांधकामाची सळी घेतली, मोठ्यांनी म्हटलं घ्या बाबा, तिच्यात नफाच नाही, आणि मग एकेक पायरी करत छोट्यांनी बाकीचा बाजार पण खाल्ला. आता कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बघा. आधी आमचा संपल्यावर यायचा, आता आमच्या शेजारीच मांडलेला. 2018 ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण पेटीवरचं नाव कोण तपासतो?

खाडीपलीकडचा, चिपळूण:
हे मात्र जुळवून आणलंत, तो कारखाना स्वतःच्या नावाने सळी विकत होता, खोट्या पेटीत नाही. तुम्ही सांगताय ती सरळ फसवणूक, तिला थिअरी कशाला? आणि ह्याच ख्रिस्टेन्सनने 2007 मध्ये आयफोन चालणार नाही असं सांगितलं होतं. घडून गेल्यावर सगळंच समजतं, आमची आजी पण पूर येऊन गेल्यावर सांगायची, मला वाटलंच होतं.

पेटीवाला, रत्नागिरी:
आयफोनचं मान्य, तिथे गुरुजी आपटले. फसवणुकीचंही अर्धं मान्य. पण आम्ही सगळ्यांनी डझनाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला नाकं मुरडली आणि गवत घालून खिळे ठोकलेली पाच डझनी पेटीच पाठवत राहिलो, तेव्हा मुंबईच्या फ्लॅटवाल्याला पाच डझन नकोच होते हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते मी ख्रिस्टेन्सन वाचताना पेन्सिलने लिहून ठेवलंय.

रापणकरीण, मालवण:
आणि ती लाकडी पेटी ठोकणारा? तो आहे का पुस्तकात?

पेटीवाला, रत्नागिरी:
ख्रिस्टेन्सनमध्ये नाही. बॉक्समध्ये आहे, म्हणजे त्याच्यासारखा. गोदी कामगारांच्या युनियनवर अख्खं प्रकरण आहे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 1960 चा करार झाला, मशीन येऊ दे पण आमचा वाटा द्या असा. तुमच्या वाट्यासारखंच, म्हणून मला आवडलं. आमच्या पेटी ठोकणाऱ्याशी असा करार कोणी केला नाही, मी पण नाही.

खाडीपलीकडचा, चिपळूण:
बॉक्स देता का वाचायला? गणपतीत रत्नागिरीला येतोय.

पेटीवाला, रत्नागिरी:
न्या. पानं दमटीने फुगलीयत, आणि कोपरे दुमडायचे नाहीत.