टर्बो पेट्रोल: घाटात दम नाही, सिग्नलला थरथर. टर्बोच गेलाय का?

खंबाटकी_वारी
मंडळी मदत हवीय. टर्बो पेट्रोल आहे, रनिंग ८० हजारच्या वर. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला घेतली की गाडी ओढतच नाही, पूर्ण रेस दिली तरी पूर्वीसारखा टर्बोचा जोर येत नाही, आणि सिग्नलला उभी असली की थरथर पार स्टेअरिंगपर्यंत येते, आरपीएमचा काटा खालीवर होत राहतो. चेक इंजिन लागलाय, स्कॅनरवर पी०२९९ आणि पी०१७१. बॉनेट उघडलं की बारीक शिट्टी ऐकू येते. गॅरेजवाला म्हणतो टर्बो बदला. खर्च ऐकून झोप उडालीय हो.

पाना_कोल्हापूर
दादा टर्बोला एवढ्यात हात लावू देऊ नका. पी०२९९ म्हणजे ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितलं तेवढं बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) मिळालं नाही, बस. टर्बो मेला असं तो कोड कुठेच म्हणत नाही. आणि नुसता टर्बो गेला असता तर आयडल (रेस न देता उभ्या गाडीचं इंजिन चालणं) का बिघडलं असतं? आयडलला टर्बोचं काम जवळजवळ नसतंच. दोन्ही तक्रारी एकदम आल्यात, म्हणजे थ्रॉटलच्या पुढची जागा बघा: मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप), त्याचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्ही (क्रँककेस म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली वाफ परत आत ओढून घेणारा व्हॉल्व्ह). तिथे आयडलला व्हॅक्यूम असतो म्हणून फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी (तोच तुमचा पी०१७१), आणि बूस्टला त्याच फटीतून प्रेशर बाहेर जातं. एअर फिल्टरनंतर एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे ना? असेल तर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) बघा, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला.

काजळी
माझी डिझेल आहे, तिला असंच झालेलं तेव्हा ईजीआर व्हॉल्व्ह (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडाच अडकलेला निघाला, पण काळा धूर पण भरपूर होता. तुम्ही धुराचं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे पानाभाऊंचंच पटतंय.

चौथा_गिअर
प्लग आणि कॉइल पण बघून घ्या राव. बूस्टमध्ये सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, तिथे ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल चढावरच दगा देते. पण मग सहसा पी०३०० च्या घरातले मिसफायरचे कोड येतात, ते तुम्हाला दिसत नाहीयेत.

खंबाटकी_वारी
एमएएफ आहे. लाँग टर्म ट्रिम आयडलला +२२ टक्के, २५०० ला +४ टक्के. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) नुसती चावी ऑन करून ९४ केपीए दाखवतो, आयडलला ४८. आणि एक गंमत झाली, इंजिन चालू असताना डिपस्टिक जरा वर ओढली तर शिट्टी एकदम बंद! परत दाबली की सुरू.

पाना_कोल्हापूर
मग सापडलंच म्हणा! पुण्याच्या उंचीला ९४ बरोबर आहे, म्हणजे सेन्सर ठीक. आयडलला साधारण ३० ते ४० हवं, ४८ म्हणजे व्हॅक्यूम गळतोय. आयडलला ट्रिम एवढा वर आणि रेस दिल्यावर जवळजवळ नॉर्मल, हे व्हॅक्यूम लीकचंच लक्षण, कारण रेस दिली की एकूण हवेत त्या गळतीचा वाटा किरकोळ होतो. आणि डिपस्टिकने शिट्टी थांबते म्हणजे पीसीव्हीचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय, क्रँककेसमध्ये जास्तीचा व्हॅक्यूम होतोय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उचलून बघा, घट्ट ओढून धरेल. बऱ्याच इंजिनांत हा डायफ्रॅम टॅपेट कव्हरमध्येच असतो, काहींचा सुटा मिळतो, काहींना अख्खं कव्हर घ्यावं लागतं, तरी टर्बोच्या मानाने खर्च काहीच नाही.

मात्र तेवढ्यावर गाडी घेऊन निघू नका. बूस्ट एवढं पडलंय तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपांचीही शंका आहे, क्लिपजवळ खालच्या बाजूला चिरतात आणि वरून दिसत नाहीत. पीसीव्ही बदलून झाल्यावर टर्बोच्या इनलेटला बूच मारून हवा भरायला सांगा, १० पीएसआयच्या वर नको, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. लीक शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारू देऊ नका, टर्बो तापलेला असतो, पेट घेईल. एवढं करून कुठेच बुडबुडा आला नाही तर वेस्टगेटचा (टर्बोचं बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर आणि टर्बोच्या शाफ्टचा प्ले (तो ढिला होऊन हलतो का) तपासा. टर्बो बदलायचा विषय त्यानंतर.

खंबाटकी_वारी
झाकण खरंच ओढून धरतंय, दोन्ही हातांनी काढावं लागलं. पार्टची चौकशी करतो, साबणाच्या टेस्टला मी स्वतः समोर उभा राहीन. ट्रिमचे नवे आकडे इथेच टाकतो.