क्वासी लॅमिनेट म्हणजे काळं ॲल्युमिनियम? अजिबात नाही

कोथरूडकर: कालच्या एका पोस्टमधला सल्ला: ‘लॅमिनेटचा (थर चिकटवून केलेल्या पत्र्याचा) ले-अप, म्हणजे थरांची मांडणी, क्वासी-आयसोट्रॉपिक (प्रतलात सगळ्या दिशांना सारखी ताठ) असला की धातूसारखा एकच ई (ताठरपणाचा आकडा) टाका, मॉडेलमध्ये थर मांडत बसू नका.’ नवी पोरं यावर ब्रॅकेट पास करतील, म्हणून लिहितोय. कार्बन-इपॉक्सी यूडी (सगळे फायबर एकाच दिशेला) थर घ्या: ई१ (फायबरच्या दिशेने) १४०, ई२ (आडवा) ९, जी१२ (शिअरचा) ५ जीपीए. प्रतलात कुठल्याही दिशेला ई ५४ येतो, कबूल. पण [०/४५/-४५/९०] (फायबरच्या दिशा, अंशांत) सिमेट्रिक, म्हणजे मधोमध आरसा धरून आठ थर, वाकवून बघा. वाकण्याच्या हिशेबात बाहेरच्या दोन थरांचा वाटा ६४ पैकी ३७, मधल्या ९० च्या जोडीचा फक्त १. ० च्या दिशेचा वाकण्यातला ताठरपणा डी११ हा ९० च्या दिशेच्या डी२२ च्या जवळपास चौपट! ५४ टाकलात तर ९० च्या दिशेचं डिफ्लेक्शन खऱ्याच्या निम्म्याहून कमी दिसेल.

चाकणवाला: पहिल्या फेरीत जाडीच तर ठरवायची असते. भार प्रतलात असेल तर ५४ चुकीचा कसा? आणि थर मांडून शेवटी साय-वूच (तुटण्याचा एक निकष) लावणार ना? तो फायबर तुटला की मॅट्रिक्स (भोवतीचं इपॉक्सी), हेही सांगत नाही.

कोथरूडकर: मग हाशिनचा निकष लावा, फायबर आणि मॅट्रिक्स, ओढीत आणि दाबात, असे तुटण्याचे चारही प्रकार वेगळे कळतात. एकच ई वाले तर व्हॉन मायसेसचा (धातूंसाठीच्या निकषाचा) प्लॉट रिपोर्टात चिकटवतात, लॅमिनेटला त्याचा काहीही अर्थ नाही. एल ब्रॅकेट उघडायला लागला की कोपऱ्यात थर सुटतात. तो जाडीतला ताण साध्या शेलमध्ये (पातळ पत्र्याच्या मॉडेलमध्ये) दिसतच नाही.

भोसरीकर: दोघंही १४० आकाशातून पडला असं बोलताय. तो ६० टक्के फायबरच्या प्रीप्रेगचा (रेझिन आधीच भरलेल्या थराचा) आकडा. इन्फ्युजनमध्ये (कोरड्या कापडात रेझिन ओढून) ५० टक्के मिळाले तर ११७ च्या आसपास. आणि जुलैत फ्रीझरमधला प्रीप्रेगचा रोल गार असतानाच पिशवी फोडली की त्यावर दव धरतं, क्युअरमध्ये (रेझिन घट्ट होताना) त्याचे व्हॉइड, म्हणजे पोकळ्या होतात. थरांमधली शिअर ताकद तिथेच जाते.

चाकणवाला: चर्चा मॉडेलची आहे, शॉपफ्लोअरचं रडगाणं दुसरीकडे गा.

भोसरीकर: इनपुट कुठून आला हे विचारायचंच नाही, तर ते मॉडेल कसलं? फायबर एक-दोन अंश लहरले तरी कॉम्प्रेशनची ताकद धाडकन पडते. ते सॉल्व्हरच्या कुठल्या मटेरियल कार्डात भरता?

चाकणवाला: बरं, वाकणाऱ्या भागाला थर मांडायचे, एवढं मानतो. पण दर कामाला कूपन (नमुना पट्टी) टेस्टचे पैसे कोण देणार?

भोसरीकर: निदान मायक्रोमीटर तरी लावा. २०० जीएसएमचे आठ थर म्हणजे चौरस मीटरला १६०० ग्रॅम फायबर, घनता १.७८ धरली तर निव्वळ फायबर ०.९ मिमी. पॅनेल १.५ मिमी भरलं तर ६० टक्के, १.८ भरलं तर ५०. ई१ त्यावरून बदला, मगच सॉल्व्हर चालवा. ताकदीचे आकडे मात्र यातून निघत नाहीत. त्याला एएसटीएमच्या चाचण्या, ० आणि ९० चे डी३०३९ (ओढीचे), ±४५ चा डी३५१८ (शिअरचा) लागणारच.