सायकलचा मागचा दिवा: रोज हायवे, पंधराशेच्या आत कोणता घ्यावा?

पाळधीकर
राम राम मंडळी. पाळधी ते जळगाव रोजचा रस्ता. हिवाळ्यात जातानाही अंधार, येतानाही अंधार, आणि बांभोरीच्या पुलावर मागून सारखे ट्रक. सायकल साधी काळी, मागे कॅरियर, कॅरियरवर डब्याची मोठी पिशवी. दुकानात तीन दिवे बघितले. एक दीडशेचा, बटण सेलवर चालणारा. दुसरा साडेचारशेचा, त्यात रिमोटचे दोन सेल बसतात. तिसरा तेराशेचा, चार्जिंगचा, डब्यावर १०० ल्युमेन छापलंय. जास्त ल्युमेनचाच घ्यावा का? लुकलुकता ठेवायचा की स्थिर? सीटखाली लावायचा की आणखी कुठे? मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आहेच, त्यावर भागेल का?

जुना_चेनसेट
ल्युमेन नंतर बघू भो, आधी जागा ठरवा. कॅरियरवर पिशवी असेल तर सीटखालचा दिवा मागून दिसतच नाही. ट्रकवाला उंच बसतो, त्याला तर फक्त पिशवी दिसणार. दुधाच्या कॅन किंवा चाऱ्याचा भारा नेणाऱ्यांच्या सायकलींचं हेच होतं: दिवा चालू असतो, पण फक्त पिशवीच्या पाठीला उजेड देतो.

दुसरी भानगड कोनाची. सीटची नळी मागे कललेली असते, गिअरच्या सायकलीत जमिनीशी साधारण ७२ अंश. तिच्या पाठीला दिवा सरळ बांधला की त्याचं तोंड १८ अंश खाली जातं. दिवा ८० सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोताचा मधला, सगळ्यात तेज भाग अडीच मीटरवरच डांबरावर पडतो. मागच्या गाडीवाल्याच्या वाट्याला कडेचा फिका उजेड. काळ्या सायकलीची नळी तर याहून जास्त कललेली. उलट सीटपासून मागच्या एक्सलकडे उतरणाऱ्या बारीक नळ्यांवर दिवा बांधला तर तोच झोत आभाळाकडे जातो. म्हणून ज्याच्या क्लॅम्पला कोन बदलायचा सांधा किंवा पाचरीसारखं रबर आहे तोच दिवा घ्यायचा. नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून खाली पाचर द्यायची, म्हणजे काच जमिनीला काटकोनात उभी राहते.

तुमच्यासाठी जागा एकच: कॅरियरची मागची कड. बऱ्याच कॅरियरना तिथे दोन भोकांची पट्टी येते, भोकांमधलं अंतर ५० किंवा ८० मिलिमीटर. बाहेर या मापाचे खास कॅरियरचे दिवे मिळतात. काळ्या सायकलीच्या कॅरियरला अशी पट्टी बहुतेक नसतेच, मग वेल्डिंगवाल्याकडून ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी काटकोनात वाकवून घ्या. मडगार्डच्या पत्र्याला भोक पाडून दिवा लावू नका. पत्रा सतत थरथरतो आणि भोकापासूनच चिरतो.

तापीकाठ
जागेचं बराबर शे भाऊ. आता ल्युमेनचं बघा.

ल्युमेन म्हणजे चारी बाजूंना मिळून निघणारा एकूण उजेड. मागच्या गाडीवाल्याच्या दिशेने त्यातला किती जातो हे भिंग ठरवतं. चांगल्या भिंगाचा १५-२० ल्युमेनचा लाल दिवा अंधाऱ्या रस्त्यावर ३००-४०० मीटरवरून सहज दिसतो. डब्यावरचा १०० हा आकडा बहुतेक वेळा दिवसा लुकलुकणाऱ्या मोडचा असतो, स्थिर मोडचा नव्हे. डब्याच्या मागे बारीक अक्षरात तक्ता छापलेला असतो, त्यात 'स्थिर' मोडला किती ल्युमेन आणि किती तास हे वाचायचं. त्यावरच दिव्याची किंमत ठरवा. असा तक्ताच नसेल तर तो दिवा दुकानातच राहू द्या.

रिफ्लेक्टरचा हिशेब असा. ट्रक ८० च्या वेगाने, सायकल १५ च्या. म्हणजे फरक ६५ चा, सेकंदाला १८ मीटर. डिपरवरच्या हेडलाइटमध्ये रिफ्लेक्टर १०० मीटरवर उजळतो असं धरलं तरी ट्रकवाल्याच्या हातात साडेपाच सेकंद उरतात. दिवा ४०० मीटरवरून दिसला तर २२ सेकंद. शिवाय मागच्या गाडीचा हेडलाइट आपल्यावर पडला तरच रिफ्लेक्टर काम करतो. एका डोळ्याचे ट्रॅक्टर आपल्याकडे किती आहेत ते सांगायला नको. रिफ्लेक्टर काढू मात्र नका, सेल संपल्यावर तेवढाच उरतो. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. काळ्या मातीचा थर बसला की तो नुसता लाल प्लास्टिकचा तुकडा.

एरंडोल_रोड
पण स्थिर दिवा गर्दीत हरवतो. मोटरसायकलींचे, रिक्षांचे लाल दिवे सगळे स्थिरच असतात. लुकलुकणारा लगेच लक्षात येतो.

तापीकाठ
लक्ष वेधायला लुकलुकणारा बरा, हे कबूल. पण अंधारात पूर्ण विझून पेटणाऱ्या दिव्याचं अंतर डोळ्याला ठरवता येत नाही. प्रत्येक वेळी ठिपका नव्याने शोधावा लागतो. जर्मनीत सायकलच्या मागच्या दिव्याला लुकलुकायची परवानगीच नाही, आणि तो जमिनीपासून २५ ते १२० सेंटिमीटरच्या मधेच बसवावा लागतो. उंचीचा तो नियम आपणही पाळावा असाच आहे. रात्री हायवेवर स्थिर, दिवसा किंवा शहराच्या गर्दीत लुकलुकता. काही दिव्यांत तिसरा मोड असतो: मंद उजेड कायम, त्यावर मधूनमधून ठसका. तो मिळाला तर भांडणच मिटलं.

आणखी एक. पॅडलच्या मागच्या कडेला, नाहीतर क्रँकच्या पाठीवर, ट्रॉलीला लावतात तसली रेडियमची पट्टी चिकटवा. ठिपका वर-खाली होताना दिसला की ड्रायव्हरला सायकल आहे हे क्षणात कळतं. वीस रुपयांचं काम.

भुसावळ_४५
तेराशेच्या दिव्याबद्दल सांगायचं राहिलं. आत लिथियम बॅटरी असते आणि आपल्याकडचा मे महिना तिचा वैरी. या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात, आणि इथे सावलीतच पारा तिथवर जातो. दुपारी उन्हात उभ्या सायकलीवर काळ्या डबीचा दिवा तसाच राहिला तर आतली चपटी बॅटरी फुगते, डबीचा सांधा उघडतो आणि पहिल्या पावसात पाणी आत. म्हणून काढता येणारा दिवा घ्या, कामावर गेल्यावर खिशात ठेवा, चार्जिंग रात्री उशिरा. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून ठेवा, भरलेला नको.

चार्जिंग होत नाही म्हणून दिवा परत करायच्या आधी केबल बदलून बघा. स्वस्त दिव्यांना टाइप-सी भोक असतं, पण आत ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर घातलेले नसतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेल्या केबलने तोच दिवा चार्ज होतो.

पाण्याचं: आयपीएक्स४ म्हणजे चहूकडून शिंतोडे चालतात, रोजच्या पावसाला पुरे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणीच घेतलेली नाही. आपल्याकडे धूळच जास्त, म्हणून आयपी६५ किंवा आयपी६७ असं लिहिलेलं असेल तर चार पैसे जास्त द्यावेत.

पाळधीकर
मग रिमोटच्या सेलवाला साडेचारशेचा कसा राहील? तो आयपीएक्स४ आहे. आणि डायनॅमोचा विचार करू का? चार्जिंगची कटकटच नको.

जुना_चेनसेट
साडेचारशेचाच घ्या. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. अल्कलाइनच घाला, साधे स्वस्त सेल उन्हाळ्यात फुटून पाणी सोडतात आणि पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून १.२ व्होल्टचे चार्जिंगचे दोन सेलही चालतात, उजेड जरा कमी. बटण सेलचा दिवा मुख्य म्हणून नकोच. बहुतेकांत २०३२ नंबरचा सेल असतो, त्याच्या चार-पाच पट ताकद रिमोटच्या दोन सेलांत असते.

या प्रकाराचा एक रोग मात्र ठरलेला. खड्ड्यात दणका बसला की सेल स्प्रिंगवरून क्षणभर सुटतो, दिव्याचा मेंदू पुन्हा सुरू होतो तो बंद अवस्थेत. तुम्ही पुढे बघत पॅडल मारताय आणि मागे अंधार. उपाय: झाकण काढून स्प्रिंग नखाने दोनेक मिलिमीटर ताणा, आणि सेलच्या पाठीवर, झाकणाच्या आतून, पातळ फोमचा तुकडा चिकटवा, म्हणजे झाकण लावल्यावर सेल दाबून बसतो. मग दिवा चालू करून तळहातावर दहा-बारा वेळा जोरात आपटा. एकदाही विझला नाही तर बसवा.

डायनॅमोचं थोडक्यात. बाटलीवाला जुना डायनॅमो, ६ व्होल्ट ३ वॅटचा: पुढे २.४, मागे ०.६ वॅट. बल्बचा सेट असेल तर पुढचा बल्ब उडाला की सगळी वीज मागच्यात जाते आणि तोही लगेच उडतो. थांबलं की दिवा बंद. कपॅसिटरवाला मागचा एलईडी दिवा थांबल्यावरही काही मिनिटं चालतो, पण तो आपल्या बाजारात सहज मिळत नाही. पंधराशेत हा उद्योग नको.

तापीकाठ
दीडशेचाही घेऊन टाका. दोन्ही मिळून सहाशे. तो उजव्या बाजूच्या नळीवर, पिशवीच्या बाहेर डोकावेल असा, लुकलुकता. मोठा कॅरियरवर, स्थिर. एकाचे सेल संपले तरी दुसरा असतो. प्लास्टिकचा टाय वापरणार असाल तर काळा घ्या, पांढरा उन्हाने लवकर तडकतो. काच पुसायला पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिकला बारीक चिरा जातात.

पाळधीकर
ठरलं, दोन्ही घेतो. कॅरियरवर बसवल्यावर कोन बरोबर आला की नाही हे कसं ओळखायचं?

जुना_चेनसेट
रात्री भिंतीकडे पाठ करून सायकल तीन मीटरवर उभी करा. दिव्याच्या उंचीएवढी खडूची खूण भिंतीवर करा. सगळ्यात तेज ठिपका खुणेवर आला पाहिजे. सायकल स्टँडवर लावून हे करू नका. काळ्या सायकलीचा स्टँड मागचं चाक उचलतो, दीड-दोन अंशांचा फरक तिथेच पडतो. कोणाला तरी हँडल धरायला सांगा, दोन्ही चाकं जमिनीवर, पिशवी भरलेली. मग ३०-४० पावलं मागे जाऊन एकदा उभ्याने, एकदा उकिडवं बसून बघा. पट्टीला ५ मिलिमीटरचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि नायलॉनवाला नट. पाना ८ चा लागेल.