आटलेल्या तळ्याच्या भेगा आणि वर दगडफूल: दोन्ही एका भांड्यावर जमेना

चिखलकाला: स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाला भाजायच्या मातीच्या) फुलदाणीवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा हव्यात आणि त्यावर दगडफुलाचे पांढरट ठिपके. भेगांसाठी ओल्या मातीवर सोडियम सिलिकेट (काचेसारखं वाळणारं द्रावण), ठिपक्यांसाठी ३० टक्के मॅग्नेशियम कार्बोनेटचं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप). भिंत आरपार फाटते आणि ग्लेझ भट्टीत जाण्याआधीच गळतं. इलेक्ट्रिक भट्टी, भाजणी कोन ६ या तापमान-पातळीला. चुकतंय कुठे?

उलटा_कोन: भिंत एक तर पातळ आहे, नाहीतर हीट गनने (गरम हवेच्या यंत्राने) आतपर्यंत वाळली आहे. वाळायला हवी फक्त वरची कातडी, आतली माती मऊच पाहिजे. हव्या त्या आकारापेक्षा अरुंद, १० ते १२ मिमी जाडीचा सरळ नळा चाकावर उचला. बाहेरची बाजू आधीच नीट करा, पुढे तिला हात लावता येत नाही. सिलिकेटचा एक पातळ हात द्या, काठाखाली दोन बोटं जागा सोडून. चाक हळू फिरवत हीट गन धरा, बोटाला चिकटेनासं झालं की बंद. मग आतून रिबने (आकार द्यायच्या चपट्या पट्टीने) खालून वर फुगवत न्या. जितकं फुगवाल तितक्या भेगा रुंद. सिलिकेट जाड झालं तर वाळल्यावर काचेसारखे टोकदार कपचे सुटतात. हातमोजे हवेतच.

राखुंडी: ग्लेझला चिरा पडणं हा दोष नाही, ठिपके त्यातूनच होतात. हे ग्लेझ वाळताना खूप आक्रसतं, चिरतं, आणि भट्टीत चिरेपासून मागे सरकून त्याची बेटं होतात. कमी पडतेय ती पकड. कोरड्या वजनाच्या १ टक्क्यापर्यंत सीएमसी (सेल्युलोजपासूनचा) डिंक घाला. बिस्किट (ग्लेझआधी एकदा भाजलेलं भांडं) ओल्या स्पंजने पुसा, अर्धे दोष धुळीचेच असतात. दोन-तीन हात द्या, पण आधीचा ओलसर असतानाच. पूर्ण वाळलेल्या थरावर ओला हात फिरवला की खालचाही उचलला जातो. ठिपक्यांच्या फटींतून खालचं दिसतं, तेव्हा तिथे आयर्न ऑक्साइडचं पातळ पाणी आधीच फिरवून ठेवा. भट्टीत भांड्याखाली टाकाऊ बिस्किटची चकती ठेवा, सुटलेलं ग्लेझ तिच्यावर पडेल.

उलटा_कोन: सिलिकेटची कातडी बिस्किटनंतरही पाणी कमी ओढते. राखुंडींचं सगळं केलंत तरी तिथलं ग्लेझ आधी सुटेल. दगडफूल काठाखालच्या मोकळ्या पट्ट्यापुरतं ठेवा, हवा तर पट्टा वाढवा.

चिखलकाला: आणि आतून? पाणी राहायला हवं.

राखुंडी: साधं चकचकीत लायनर (आतल्या बाजूचं ग्लेझ), बाहेरच्या आधी ओतायचं. मग एक दिवस वाळवा. भिंत ओली असताना बाहेरून लावलं तर पुन्हा तेच गळणं.