मदत हवी आहे: व्हेन्जन्स बॉम्बरवरचे गनर, सर्व्हिस नंबर माहीत नाही

नमस्कार मंडळी, माझे चुलत आजोबा पेडण्याचे, तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य म्हणून मुंबईला जाऊन इंडियन एअर फोर्समध्ये भरती झाले आणि १९४४ला ब्रह्मदेशातल्या अराकानमध्ये आठ नंबर स्क्वॉड्रनवर वायरलेस ऑपरेटर-एअर गनर होते असं घरात सांगतात. विमान व्हल्टी व्हेन्जन्सच, फोटो आहे, डाइव्ह बॉम्बर म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं, पुढे पायलट मागे हे, क्रू दोघांचाच. लॉगबुक, मेडल, डिस्चार्जचा कागद काहीच उरलं नाही. सुखरूप परत आले त्यामुळे वॉर ग्रेव्हजच्या (युद्धात गेलेल्यांच्या) यादीत सापडणार नाहीत, आणि नेटवरच्या याद्या बहुतेक ऑफिसरांच्या, हे साधे एअरमन. जन्मदाखला पोर्तुगीज, त्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं, मुंबईत कुठलं लावलं कोण जाणे. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर २७ या वर्गाखाली स्क्वॉड्रनांची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं (रोजच्या कामाच्या नोंदवह्या) असतात, फॉर्म ५४१वर उड्डाणागणिक क्रू लिहिलेला असतो एवढं वाचलंय. लंडनला जाणं शक्य नाही, स्कॅनचे पैसे भरीन. आजीला त्यांच्याबद्दल खरं काय ते कळावं असं फार वाटतं. तर नंबर नसताना, नुसत्या नाव-जन्मतारखेवर, एअरमनचं सर्व्हिस रेकॉर्ड मागायला अर्ज दिल्लीच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसला करायचा की ब्रिटनला, आणि नातं दाखवायला पोर्तुगीज दाखला चालतो का?